रकान्यात न मावलेले पाणी

शाळेत असताना 'पुराचे थैमान' हा निबंध मी निदान चार वेळा तरी लिहिला असेल. त्यात 'होत्याचे नव्हते झाले' हे वाक्य आलेच पाहिजे, असा जणू दंडकच होता. ते वाक्य नसेल तर एक गुण कमी! वर्गात पूर पाहिलेले कुणीच नव्हते आणि तरीही सर्वांच्या वहीत नदी दुथडी भरून वाहत असे, एक म्हातारा झाडावर अडकलेला असे आणि शेवटी सरकारची मदत येऊन सर्व काही पूर्ववत होत असे.

आमच्या भागातल्या मुलांनी असा निबंध लिहिणे हाच मुळी एक विनोद होता. भवानीनगर, सणसर, काटेवाडी, बेलवाडी हा सगळा पट्टा अवर्षणाचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही मनात आला तर. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. त्या वेळी मिळणाऱ्या सुकडीची चव ती अजून सांगते. तिने आयुष्यात जेवढी संकटे पाहिली ती सगळी पाणी नसण्याची. पाणी असण्याचेही संकट असू शकते, हे तिला वयाच्या सत्तरीत कळले.

आमच्याकडे पाणी येते ते आभाळातून नव्हे, कालव्यातून. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा निघाला. भोरकडच्या भाटघरचे पाणी वीरवरून पुरंदर, बारामती करीत इंदापूर तालुक्यात येते. या पाण्यावर ऊस आला, उसावर श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याभोवती भवानीनगर वसले. कालव्याने आमच्या मुलखाचे सरळ दोन भाग केले आहेत. कालव्याच्या वरचे जिरायती आणि कालव्याखालचे बागायती. सोयरीक जुळवतानासुद्धा "जमीन पाटाखालची हाय का?" हा प्रश्न हुंड्याच्या आधी विचारला जातो. पाळी सुटली की घरात बोलणे बदलते, पाळी लांबली की जेवण बदलते. तेव्हा पाणी म्हणजे देव, ही आमची साधीसुधी समजूत. तिला धक्का बसायला मे महिन्यातला एक रविवार पुरला.

२५ मे २०२५. रोहिणी नक्षत्र लागण्याचा दिवस. मोसमी पाऊस त्याच दिवशी महाराष्ट्रात पोहोचल्याचे जाहीर झाले, नेहमीपेक्षा दहाएक दिवस आधी. दुसऱ्या दिवशी तो मुंबईपुण्यात होता. परंतु आमच्याकडे पाऊस घोषणेची वाट पाहत थांबला नव्हता. आदल्या काही दिवसांपासून बारामती, दौंड, इंदापूर या तिन्ही तालुक्यांत तो वळवासारखा न पडता श्रावणासारखा लागून राहिला होता, आणि त्या रविवारी मात्र नुसता कोसळला. पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. पालखी महामार्गावर पाणी आले. काटेवाडीत घरांत पाणी शिरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बारामतीला आणि इंदापूरला पाठवाव्या लागल्या. मे महिन्यात! ज्या महिन्यात आम्ही टँकरची वाट पाहायची, त्या महिन्यात होडीची वाट पाहिली.

हे कसे घडते, ते ज्यांचे गाव कालव्यावर नाही त्यांना सांगावे लागेल. कालवा चालतो तो जमिनीच्या पातळीला धरून, आडवा. ओढे चालतात ते वरच्या माळावरून खाली नीरेकडे, उभे. दोघे एकमेकांना जागोजाग छेदतात. तिथे ओढ्याला कालव्याखालून जायला मोरी ठेवलेली असते. रोजच्या पाण्याला ती पुरते, किंबहुना वर्षातले अकरा महिने तिच्यात शेळ्या सावलीला बसतात. पण माळावरचा सगळा लोंढा एकदम आला की तो मोरीत मावत नाही. तो तुंबतो, वर चढतो आणि कालव्यात उतरतो. मातीच्या भरावावर उभ्या असलेल्या कालव्याला हे दुप्पट पाणी पेलत नाही. मग तो खालच्या अंगाने, म्हणजे जिकडे वस्ती असते तिकडे, फुटतो. नदीचा पूर येताना दिसतो. हा पूर पाठीमागून येतो.

आमची वस्ती अशाच एका ओढ्याच्या काठी, कालव्याखाली आहे. वीस-बावीस घरे. निम्मी विटांची, निम्मी पांढऱ्या मातीची, सर्वांवर पत्रे. त्या रात्रीविषयी मी फार लिहिणार नाही. लिहिता येणार नाही असे नव्हे, पण ती रात्र फार तर आठ तासांची होती आणि तिच्याविषयी बोलायला सगळेच तयार असतात. वडिलांनी आजीला पाठीवर घेतले, आईने पिठाचा डबा आणि माझ्या धाकट्या भावाचा हात धरला, मी शेजारच्या आज्जीचा. आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात जाऊन बसलो. अंधारात पाण्याचा आवाज ऐकू येत होता आणि त्यात मधूनच एखादे भांडे दगडावर आपटल्याचा आवाज येई. मग बायका आपसांत ओळखायच्या, "ती माझी घागर." पहाटे पाणी उतरले. वस्तीत माणूस एकही दगावले नाही. याबद्दल देवाचे आभार मानावेत तेवढे थोडे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या नऊ महिन्यांविषयी.

पहिले चार दिवस चिखल काढण्यात गेले. पुराचा चिखल पावसाच्या चिखलासारखा नसतो. तो लोण्यासारखा बारीक असतो आणि त्याला गटाराचा, डिझेलचा, मेलेल्या उंदरांचा असा मिसळून वास असतो. कणगीतली ज्वारी भिजली होती. दुसऱ्या दिवशी ती फुगली, तिसऱ्या दिवशी तिला मोड आले आणि चौथ्या दिवशी तिच्या वासाने घरात बसवेना. वर्षाचे धान्य उकिरड्यावर ओतताना माझी आई रडली नाही. तिने फक्त पदर नाकाला लावला होता.

पाचव्या दिवशी पंचनामे सुरू झाले आणि वस्तीला अचानक माझी गरज भासू लागली. आमच्या वस्तीत महाविद्यालयात जाणारी मी एकटी. एरवी ही गोष्ट चेष्टेचा विषय असे, "बी. ए. होऊन काय, भाकरी गोल थापता येत्याल का?" त्या आठवड्यात मात्र आमच्या ओट्यावर रांग लागली. कुणाचे आधार कार्ड वाहून गेले होते, कुणाचे बँकेचे पुस्तक भिजून लगदा झाले होते. मी अर्ज लिहीत होते. एकूण एकतीस अर्ज लिहिले. मराठीच्या तासाला जेवढे मराठी शिकले नसेन, तेवढे त्या एकतीस अर्जांनी शिकवले. कारण अर्जाची मराठी एक आणि माणसांची मराठी दुसरी. एकीतून दुसरीत जाताना वाटेत बरेच काही वाहून जाते.

शेजारच्या आज्जी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "ल्ही. दोन शेळ्या. एक गाभण व्हती."

मी लिहिले. पंचनाम्याला आलेले भाऊसाहेब तरुण होते, गुडघाभर चिखलात दिवसभर हिंडून दमलेले होते आणि तरी आवाज चढवत नव्हते. ते म्हणाले, "आज्जी, मेलेली शेळी दाखवावी लागंल. पंचनामा तिचाच होतो."

आज्जी म्हणाल्या, "दावता आली असती तर वाहून गेली कशाला म्हनलं असतं?"

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्याजवळ रकाना होता आणि रकान्यात पुरावा मागितलेला होता. शेळीमागे चार हजार रुपये हा आपत्ती निवारण निधीचा दर होता. दुभत्या गाईला किंवा म्हशीला साडेसदतीस हजार. गाभण असण्याला वेगळा दर नव्हता.

हे निकष मी नंतर मिळवून वाचले. वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला आजही अस्वस्थ करते. कपड्यांसाठी अडीच हजार आणि भांड्यांसाठी अडीच हजार असे प्रत्येक कुटुंबाला मिळण्याची तरतूद केंद्राच्या त्या निकषांत होती. पण घर पडलेले असावे, किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावे, अशी तिथे अट होती. राज्य सरकार कधी कधी ती शिथिल करते, पण मूळ अट अशी. ही अट ज्यांनी लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी नदी असणार. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी कित्येक दिवस घरांत उभे होते. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. तो पूर सर्व देशाने पाहिला. मोठी नदी येते आणि मुक्काम करते. ओढा मात्र चोरासारखा येतो, चार तासांत घर धुऊन नेतो आणि उजाडायच्या आत पसार होतो. दोन दिवस पाणी घरात थांबले असते तर आमची भांडी निदान घरातच सापडली असती! वाहते पाणी भांडी ठेवीत नाही आणि उभे पाणी भांडी नेत नाही. तरीही नुकसान मोजायचे ते पाणी किती थांबले यावरून.

दुसरा घोळ सातबाऱ्याचा. माझे वडील एका बागायतदाराची जमीन निम्म्या वाट्याने करतात. त्यात उन्हाळी भुईमूग उपटून वाफ्यात वाळत घातला होता आणि बाजरी कापणीला आली होती. दोन्ही गेले. बी-बियाणे, खत, मजुरी निम्मी आमची. परंतु पिकाची भरपाई मिळते ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. वाटेकऱ्याला महाराष्ट्राच्या कागदावर अस्तित्वच नाही. त्याचा घाम कोणत्याही गटात पडत नाही, कोणत्याही उताऱ्यावर चढत नाही. आमचे मालक भले निघाले. पैसे जमा झाल्यावर ते स्वतः सायकलवरून आले आणि निम्मी रक्कम आईच्या हातात ठेवून गेले. वडील त्या दिवशी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. मला मात्र राहून राहून वाटत होते, की आमचा हक्क हा कुणाच्या भलेपणावर का अवलंबून असावा? शेजारच्या वाड्यावरच्या वाटेकऱ्याला इतका भला मालक मिळाला नाही. त्याला एक पैसाही मिळाला नाही, आणि तक्रार करायची तर पुढच्या वर्षी जमीन कोण देणार, म्हणून तो गप्प बसला.

पीक गेले तर दुसरे घेता येते. जमीन गेली तर? ओढ्याच्या वळणावर एका शेतकऱ्याची तीस गुंठे काळी होती. पाण्याने बांध फोडला आणि वरची दोन-अडीच फूट माती सोलून नेली. आता तिथे मुरूम उघडा पडला आहे. पाहताना वाटते, एखाद्याच्या पाठीचे कातडे काढले आहे. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी अल्पभूधारकाला हेक्टरी सत्तेचाळीस हजार असा दर होता. म्हणजे गुंठ्याला पावणेपाचशे रुपये. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याने एकतीस हजार सहाशे अठ्ठावीस कोटींचे मोठे साहाय्य जाहीर केले. त्यात अशा जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत कामाची सोय सांगितली. परंतु ते त्या पावसाळ्यातल्या नुकसानीचे. आमचे मे महिन्याचे खरवडणे त्यात धरायचे की नाही, यावर या शेतकऱ्याच्या खेपा चालू आहेत. तो मात्र एक प्रश्न विचारतो. "पैसं देत्याल वो. माती कुठनं आणू?" काळी माती विकत मिळते, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून किंवा तळ्यातूनच येते, हे त्याला चांगले माहीत आहे.

सगळा दोष आभाळावर टाकून मोकळे व्हावे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. आमचा ओढा आजीच्या लहानपणी किती रुंद होता, हे ती काठी टेकून दाखवते. ती काठी आज एका बाजूला उसात आणि दुसऱ्या बाजूला एका गोठ्यात जाते. दरवर्षी नांगरताना बांध वीतभर ओढ्याकडे सरकला. पन्नास वर्षांत किती विती होतात ते गणित सोपे आहे. जे उरले त्यात वेडी बाभूळ माजली. शेतात जायला टाकलेले नळ्यांचे पूल पालापाचोळ्याने तुंबले. शिवाय उंच केलेल्या नव्या रस्त्याच्या भरावाने पाणी अडले की नाही, यावर पारावर दोन तट आहेत आणि ते कधी एक होतील असे वाटत नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्रीही असाच पाऊस झाला होता. निमगाव केतकीकडे पुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले. त्याही वेळी ओढे मोजण्याची भाषा झाली होती. मोजणी झाली तर ज्यांची जमीन निघेल ते गावात वजनदार आहेत, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरते ते आम्ही आहोत. गेल्या ग्रामसभेत वस्तीतर्फे ओढ्याच्या मोजणीचा अर्ज मी लिहून दिला. तो वाचला गेला, एवढे इतिवृत्तात आले आहे.

महिन्याभराने तुकोबांची पालखी आली. काटेवाडीला परीट बांधवांनी नेहमीप्रमाणे धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचे रिंगण झाले, सणसरला मुक्काम पडला. आमच्या वस्तीने दरवर्षी वारकऱ्यांच्या एका दिंडीला भाकरी द्यायच्या असतात. त्या वर्षी कणग्या रिकाम्या होत्या. देऊ नये असे कुणीच म्हणाले नाही. प्रत्येक घरातून पसाभर पीठ गोळा झाले, त्यात शिधावाटपातला गहू निम्मा. आज्जींनी शेळीच्या पैशांची वाट न पाहता पिठल्यासाठी बेसन उसने आणले. एक वारकरी मावशी त्यांच्या भिंतीवरची पाण्याची रेघ पाहून म्हणाल्या, "बया, हितवर आलं व्हतं?" आज्जी म्हणाल्या, "देवाच्या फोटूपतुर आलं आन् थांबलं." रेघ फोटोच्या हातभर वर होती. पण ते त्या वेळी सांगायचे नव्हते, हे मला कळले.

नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला आणि ऊसतोडणीच्या टोळ्या आल्या. ओढ्यापलीकडच्या माळावर कोप्या उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झाले आणि सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांत काय केले, ते मी वर्तमानपत्रांत वाचले होते. त्या बातम्या आता कोप्यांत राहायला आल्या होत्या. परांड्याकडची एक टोळी आमच्या सर्वांत जवळ होती. तिच्यातल्या एका बाईशी पाणी भरताना माझी ओळख झाली. मी त्यांना काकी म्हणू लागले. त्यांचे दीड एकर सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्याखाली गेले आणि गावाकडच्या घराची मागची भिंत बसली. भिंतीसाठी आणि दुकानदाराच्या उधारीसाठी त्यांनी मुकादमाकडून या खेपेला नेहमीपेक्षा जास्त उचल घेतली.

पूर शेतातून निघून कोयत्यावर कसा जातो, ते मला तेव्हा समजले. उचल वाढली की ती एका हंगामात फिटत नाही. ती राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर यावे लागते. पाणी ओसरून पाच महिने झाले तरी काकी पाण्याचेच फेडत होत्या, दर मोळीला थोडे थोडे. आणखी एक गोष्ट. त्यांची मुलगी नववीत. दरवर्षी ती गावी आजीजवळ राहून शाळा करी. या वर्षी आजीला राहायला घर नाही म्हणून आजी लेकीकडे गेली आणि मुलगी आईबापांबरोबर इकडे आली. सकाळी ती धाकट्या भावाला सांभाळते, भाकऱ्या करते, दुपारी वाढे बांधून विकायला बसते. माझ्याकडून तिने नववीचा इतिहास नेला आहे आणि तो ती खरोखर वाचते. पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरे कुणाला दाखवायची, असे तिने मला विचारले. मी म्हटले, मला दाखव. परंतु माझ्या सहीने तिला दहावीत कुणी घेणार नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी काकी माझ्याकडे आल्या. कुणाकडून तरी त्यांना कळले होते, की वस्तीवर अर्ज लिहिणारी पोरगी आहे. गावच्या बहुतेकांच्या खात्यात पैसे आले, त्यांचे अडले होते. अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नव्हता. त्यांनी हात पुढे केला. उसाच्या पाचटाने आणि कोयत्याच्या मुठीने बोटांच्या रेषाच झिजलेल्या होत्या. दुसरी काही सोय करावी, असा अर्ज त्यांच्या तहसीलला पाठवायचा होता. मोबाइलमध्ये सातबाऱ्याचा फोटो होता. गट नंबर, क्षेत्र, पीक, सगळे व्यवस्थित होते. हा माझा बत्तिसावा अर्ज.

वरच्या कोपऱ्यात सध्याचा पत्ता लिहायचा होता. मी त्यांच्याकडे पाहिले.

"काय ल्हिऊ, काकी?"

"ल्ही की, सनसरच्या शिवारात." मग थोडे थांबून म्हणाल्या, "ऊस हाय तवर."

मी भवानीनगरचा पिन कोड घालून तसेच लिहिले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला येताना अर्ज रजिस्टरने टाकला. पोच आली आहे. टोळी अजून इथेच आहे. कारखान्याचा पट्टा पडला की ती जाईल, आणि त्याआधी उत्तर आले तर ते आमच्या घरी येईल, असे ठरले आहे.